निरोप न पोहोचवणारी मोहीम: इनुइट, क्षयरोग आणि ‘सी. डी. हाऊ’ बोट

1956 साली कॅनडाच्या उत्तरेत राहणाऱ्या इनुइट या मूलनिवासी लोकांपैकी दर सातांत एक जण दक्षिणेतल्या कुठल्या तरी सॅनेटोरियममध्ये क्षयाचे उपचार घेत होता. सातात एक म्हणजे ज्या घरातलं कुणीच गेलेलं नाही असं घर शोधूनच काढावं लागेल. कुणाची आई, कुणाच्या घरचा एकुलता शिकारी, कुणाचं चार वर्षांचं पोर. बरेचसे बरे होऊन परतले. काही परतले नाहीत, आणि त्यांचं पुढे काय झालं हे घरच्यांना पन्नास-साठ वर्षं कळलं नाही.

सार्वजनिक आरोग्याच्या वर्गात मोहिमेचा हिशेब बहुधा एकाच आकड्यावर मिटतो: रोग किती खाली आला? त्या आकड्यावर जोखलं तर ही मोहीम उत्तम गुणांनी पास होते. 1950च्या आसपास इनुइटांमधलं क्षयाचं प्रमाण जगात कुठेही नोंदवल्या गेलेल्या सर्वांत वरच्या प्रमाणांपैकी होतं. पुढच्या दोन दशकांत ते कोसळलं. आणि तरीही 8 मार्च 2019 रोजी पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी इनुइटांच्या नुनावुत प्रदेशाची राजधानी इकालुइटमध्ये जाऊन याच मोहिमेबद्दल इनुइटांची जाहीर माफी मागितली. रोग हटवला म्हणून माफी कुणी मागत नाही. मग माफी कशाची होती, आणि ते जे काही होतं त्याची किंमत 2018 सालच्या एका छोट्या गावात क्षयाची तपासणी करणाऱ्या परिचारिकांना का मोजावी लागली, हे या प्रकरणात पाहायचं आहे.

आधीची परिस्थिती

इनुइट कॅनडाच्या उत्तर टोकाला राहतात. इनुविआलुइट, नुनावुत, नुनाविक आणि नुनात्सियावुत या चार प्रदेशांना मिळून ते ‘इनुइट नुनांगात’ म्हणतात. प्रदेश अवाढव्य, माणसं मोजकी. 2021च्या जनगणनेत कॅनडाभरचे इनुइट मिळून 70,545 भरले. गावांना एकमेकांशी जोडणारे रस्ते जवळपास नाहीत. आज विमान आहे, तेही हवामानाने परवानगी दिली तर. 1950 साली वर्षातून एकदा येणारी बोट होती.

क्षय इथे आला तो देवमाशांची शिकार करणारे खलाशी, फरचे व्यापारी आणि मिशनरी यांच्याबरोबर. 1930च्या सुमारास बॅफिन बेटावरच्या पांगनिर्टुंगमध्ये अँग्लिकन मिशनने आणि हडसन उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या चेस्टरफील्ड इनलेटमध्ये कॅथलिक मिशनने एकेक लहानसं रुग्णालय काढलं. पूर्व आर्क्टिकच्या एवढ्या मोठ्या मुलखात रुग्णालय म्हणावं असं एवढंच. इनुइट नेमके कुणाची जबाबदारी यावरच सरकारांत वाद होता. क्युबेक प्रांत म्हणे केंद्राची, केंद्र म्हणे क्युबेकची. 1939मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती केंद्रावर टाकली. मग युद्ध झालं, हवाई तळ उभे राहिले, अमेरिकन सैनिकांनी उत्तरेतली उपासमार आणि आजारपण डोळ्यांनी पाहिलं, बाहेर बोलबाला झाला आणि ऑटावाला, म्हणजे केंद्र सरकारला, हालचाल करणं भाग पडलं.

बोट

पूर्वेकडच्या वार्षिक फेरीचं काम आधी ‘नास्कोपी’ नावाची बोट करायची. 1947 साली ती केप डॉर्सेटजवळ खडकावर आदळून बुडाली. 1950मध्ये सरकारने तिच्या जागी स्वतःची नवी बोट आणली, ‘सी. डी. हाऊ’. तिच्यावर एक्स-रे यंत्र होतं, फिल्म धुण्याची काळोखी खोली होती, डॉक्टर, दंतवैद्य, दुभाषे, पोलीस आणि प्रशासकीय अधिकारी होते, आणि हेलिकॉप्टरही. 1969पर्यंत ती दर उन्हाळ्यात या किनाऱ्यांवर फिरली. (1953मध्ये इनुक्जुआकच्या कुटुंबांना हजारो किलोमीटर उत्तरेला ग्रीस फियोर्ड आणि रेझोल्युटला नेऊन सोडणारी बोटही हीच. इनुइट म्हातारीकोतारी माणसं तिचं नाव काढताना आवाज का बदलतात हे समजायला तेवढं पुरे. पण तो वेगळा विषय.)

बोट नांगर टाकायची. किनाऱ्यावरच्या तंबूंतून माणसं लहान होड्यांनी बोटीवर आणली जायची. एकेक जण कपडे उतरवून यंत्रासमोर उभा राहायचा. प्रत्येकाच्या गळ्यात दोरीला ओवलेली, नाण्याहून जराशी मोठी चकती असायची. तिच्यावर कॅनडाचं राजचिन्ह, ‘एस्किमो’ हा शब्द आणि एक क्रमांक. पूर्वेकडच्यांचा क्रमांक ‘ई’पासून, पश्चिमेकडच्यांचा ‘डब्ल्यू’पासून. इनुइटांना आडनावं नव्हती आणि त्यांची नावं गोऱ्या कारकुनांना लिहिता येत नव्हती, म्हणून 1941पासून सरकारने हे क्रमांक वाटले होते. फिल्मवर क्रमांक, यादीत क्रमांक. फिल्म बोटीवरच धुतली जायची, डॉक्टर बोटीवरच ती वाचायचा आणि काही तासांत निकाल लागायचा. ज्याच्या फुप्फुसावर डाग दिसला तो बोटीवरच राहायचा.

‘राहायचा’ याचा अर्थ शब्दशः घ्यायचा. पुष्कळांना सामान आणायला किंवा निरोप घ्यायला पुन्हा किनाऱ्यावर उतरू दिलं गेलं नाही. क्षयी माणूस परत जाऊन आणखी चार जणांना संसर्ग देईल, किंवा परतच येणार नाही, ही भीती. दुसरी भीती खरीही होती. पहिल्या एक-दोन फेऱ्यांनंतर बोट दिसली की लोक आत जमिनीकडे निघून जाऊ लागले, आणि मग हेलिकॉप्टर त्यांना शोधून आणू लागलं. आईला नेलं तर तान्हं मूल किनाऱ्यावर शेजारणीच्या हाती, मुलाला नेलं तर आई किनाऱ्यावर. बोटीला तिथे थांबायला एखाद-दुसरा दिवस असायचा, बर्फ परत जमायच्या आत पुढचं गाव गाठायचं असायचं. घाईचं कारण खरं होतं, यात शंका नाही. पण या सगळ्या साखळीत घरच्यांना नीट सांगण्यासाठी वेगळा वेळ किंवा वेगळा माणूस ठेवलेलाच नव्हता. दुभाषा डॉक्टरला हवी ती माहिती रुग्णाकडून काढायला होता, रुग्णाच्या घरी माहिती द्यायला नव्हता.

शिकारी गेला की त्याच्या मागे कुत्र्यांचा जथा उरायचा. त्यांना रोज सील नाहीतर वॉलरसचं मांस लागतं, आणि ते मारून आणणाराच नसायचा. कुत्रे गेले म्हणजे हिवाळ्यातलं एकमेव वाहन गेलं. मग ते कुटुंब तळ उठवून व्यापारी ठाण्याशेजारी यायचं आणि सरकारी मदतीवर राहायचं. आज नकाशावर दिसणाऱ्या बऱ्याच इनुइट गावांच्या वाढीत या विस्कटलेल्या घरांचा वाटा आहे. 2007 ते 2010 या काळात किकिक्तानी सत्य आयोगाने बॅफिन भागातल्या गावोगावी जाऊन ज्या साक्षी घेतल्या, त्यांत शाळा, कुत्रे आणि क्षय हे तीन धागे असे एकात एक गुंतलेले दिसतात.

हॅमिल्टन

बोटीवरून उतरल्यावर रेल्वेने किंवा विमानाने रुग्ण एडमंटन, मॅनिटोबा, क्युबेक, टोरोंटो अशा ठिकाणी पांगवले जात. पूर्व आर्क्टिकमधल्या पुष्कळांच्या वाट्याला ओंटारिओतल्या हॅमिल्टनचं माउंटन सॅनेटोरियम आलं. 1958 ते 1962 या चार-पाच वर्षांत तिथे 1,272 इनुइटांवर उपचार झाले. कॅनडातली सर्वांत मोठी इनुइट वस्ती एके काळी हॅमिल्टनला होती, असं तिथे आजही सांगतात.

तिथे जागा का होती, हे विचारलं पाहिजे. स्ट्रेप्टोमायसिन, पॅस आणि 1952नंतर आयसोनियाझिड, या औषधांमुळे दक्षिणेतले गोरे रुग्ण भराभर बरे होऊन घरी जात होते. सॅनेटोरियमच्या खाटा रिकाम्या पडायला लागल्या होत्या. त्याच खाटांवर इनुइट आले, आणि सरासरी अडीच वर्षांच्या आसपास राहिले. उत्तरेत नवी रुग्णालयं बांधावीत की रुग्ण दक्षिणेत आणावेत, या सरकारी वादाचा निकाल बऱ्याच अंशी या रिकाम्या खाटांनी लावला. तयार इमारत, तयार डॉक्टर, तयार स्वयंपाकघर. कुठल्याही अर्थखात्याने असाच निर्णय घेतला असता.

मराठी वाचकाला सॅनेटोरियम म्हटलं की मिरज आठवेल, पाचगणी आठवेल. तिथेही माणसं महिनोन् महिने राहिली, पण भाषा आपली होती आणि नातेवाईक गाडी पकडून येऊ शकत होते. हॅमिल्टनमध्ये पाच वर्षांच्या मुलाला इनुक्टिटूट, म्हणजे त्याची इनुइट भाषा, बोलणारी परिचारिका नव्हती. सीलचं आणि कॅरिबू हरणाचं मांस खाऊन वाढलेल्या माणसापुढे उकडलेल्या भाज्या यायच्या. मुलांनी पलंगावरून उतरू नये म्हणून त्यांना पट्ट्यांनी बांधून ठेवल्याच्या आठवणी अनेकांनी सांगितल्या आहेत. दोन-तीन वर्षांनी मूल घरी परतायचं ते इंग्रजी बोलत, आणि आईला त्याचं बोलणं कळायचं नाही. काही मुलं भलत्याच गावी उतरवली गेल्याचीही नोंद आहे.

सगळंच काळंकुट्ट नव्हतं. बऱ्या होत आलेल्या रुग्णांना दगड आणि हत्यारं मिळाली, त्यांनी कोरीवकाम केलं, ते विकलं आणि पैसे घरी पाठवले. त्यातली शिल्पं आज हॅमिल्टनच्या कलादालनात आहेत. काही परिचारिका शब्दांच्या याद्या करून भाषा शिकल्या. इनुक्टिटूटच्या अक्षरलिपीत लिहिलेली पत्रं जायची, आणि पुढे पुढे ध्वनिफितींवर निरोप बोलून पाठवायची सोय झाली. म्हणजे निरोप पोहोचवणं अशक्य नव्हतं. जिथे एखाद्या माणसाने मनावर घेतलं तिथे ते झालं. व्यवस्थेने मात्र ते आपलं काम मानलं नाही.

त्याच वर्षांतलं मद्रास

इथे एक भारतीय धागा आहे आणि तो नुसता शोभेचा नाही. 1956 साली, म्हणजे नेमकी सातातली एक व्यक्ती दक्षिणेत होती त्या साली, मद्रासमध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून एक चाचणी सुरू केली. प्रमुख होते वॉलेस फॉक्स. 193 रुग्णांचे चिठ्ठ्यांच्या पद्धतीने दोन गट केले. एका गटाला वर्षभर सॅनेटोरियममध्ये ठेवलं: विश्रांती, चांगला आहार, देखरेखीखाली औषध. दुसऱ्या गटाला तीच औषधं, आयसोनियाझिड आणि पॅस, घरी दिली. घरं म्हणजे मद्रासच्या दाटीवाटीच्या गरीब वस्तीतल्या खोल्या, आहार बेताचा, आणि बरेच जण कामालाही जात.

1959मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. वर्षअखेर दोन्ही गट जवळपास सारखेच बरे झाले होते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, रुग्ण घरी राहिला म्हणून घरच्यांना क्षय होण्याचं प्रमाण वाढलं नाही. औषध सुरू झालं की रुग्णाची संसर्ग देण्याची ताकद झपाट्याने ओसरते. घरच्यांना धोका असतो तो निदानाच्या आधीच्या महिन्यांत. सॅनेटोरियमचा वैद्यकीय आधारच या निकालाने काढून घेतला आणि पुढे जगभर ती बंद पडत गेली.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही मांडायला हवी. मद्रासमध्ये दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर होता, आरोग्यसेविका घरी जाऊन डबीतल्या गोळ्या मोजत होत्या. आर्क्टिकच्या किनाऱ्यावर हलत्या तंबूत राहणाऱ्या कुटुंबाला वर्षभर रोज गोळ्या कशा पोहोचवणार? त्या अर्धवट घेतल्या तर औषधाला न जुमानणारा क्षय तयार होणार. हा आक्षेप पोकळ नव्हता. पण त्याचं उत्तर त्याच सुमाराला शेजारी अलास्कात मिळत होतं. तिथे गावातल्याच माणसांना शिकवून त्यांच्या हाती क्षयाची औषधं दिली गेली. अलास्काच्या आजच्या ग्राम-आरोग्यसेवक व्यवस्थेचं मूळ तिथेच आहे. 1957पासून बेथेलच्या परिसरात जॉर्ज कॉमस्टॉक यांनी गावोगावी आयसोनियाझिडची प्रतिबंधक चाचणी केली. लोकांना औषधाची शंका येऊ नये म्हणून ते स्वतः आणि त्यांचं कुटुंबही गोळ्या घेत होतं. तिथले लोक युपिक, इनुइटांचे सख्खे शेजारी. मुलूख तितकाच दुर्गम, थंडी तितकीच.

म्हणून 1952-53पर्यंतच्या बोटीला मी फारसा दोष देत नाही. माणसं मरत होती, पर्याय सिद्ध झालेला नव्हता. 1959नंतरची गोष्ट निराळी. त्यानंतर प्रत्येक फेरीला रुग्णाला घरापासून तोडणं ही वैद्यकीय गरज उरली नव्हती, ती रिकाम्या खाटांची आणि जुन्या सवयीची सोय झाली होती. साठीच्या दशकात हळूहळू गावोगावी परिचारिकांची केंद्रं निघाली, मुक्काम कमी झाले. दशक संपता संपता बोटही थांबली.

क्रमांक आणि कबर

जे दक्षिणेत मेले त्यांना तिथेच पुरलं गेलं. मृतदेह उत्तरेला पाठवण्याचा खर्च सरकार करत नव्हतं. बातमी पोलीस, मिशन किंवा व्यापारी ठाण्यामार्फत जायची. कधी महिन्यांनी, कधी वर्षाने, कधी कधीच नाही. हॅमिल्टनला आणि इतरत्रही इनुइटांच्या कबरी बऱ्याच काळ बिननावाच्या होत्या. नाव वेगवेगळ्या कागदांवर वेगवेगळ्या तऱ्हेने लिहिलेलं, क्रमांकात एखादा अंक चुकलेला, सॅनेटोरियम बदललं की नोंद नव्या वहीत. ज्या क्रमांकाने काही तासांत निदान शक्य केलं, त्याच क्रमांकाने पुढे माणूस हरवला.

इनुइट संघटनांनी अनेक वर्षं मागे लागून या नोंदी जुळवून घेतल्या. सॅनेटोरियमची रजिस्टरं, दफनभूमीच्या वह्या, चर्चची पुस्तकं आणि सरकारी फायली एकत्र करून एक माहितीकोश बनला. त्या उपक्रमाचं नाव ‘नानिलावुत’, ‘चला, त्यांना शोधू या’. 2019च्या माफीच्या वेळी तो जाहीरपणे खुला झाला.  सत्तरी-ऐंशीतली माणसं आपल्या आईची कबर पाहायला आयुष्यात पहिल्यांदा दक्षिणेला गेली.

किकिक्तारयुआक, 2018

हे सगळं इतिहासजमा असतं तर प्रकरण इथे मिटलं असतं. 2016मध्ये इनुइट नुनांगातमधलं सक्रिय क्षयाचं प्रमाण दर लाखामागे 170 होतं. कॅनडात जन्मलेल्या बिगर-मूलनिवासी लोकांत ते 0.6 होतं. जवळपास तीनशे पट, एकाच देशात, एकाच पासपोर्टवर.

किकिक्तारयुआक हे बॅफिन बेटाच्या पूर्वेला, डेव्हिस सामुद्रधुनीतल्या एका बेटावरचं सुमारे सहाशे वस्तीचं गाव. आरोग्य केंद्र आहे आणि ते परिचारिका चालवतात. कायमचा डॉक्टर नाही. थुंकीचा नमुना विमानाने इकालुइटला जातो, वादळ असलं तर थांबतो. परिचारिका बहुतेक दक्षिणेतून थोड्या मुदतीच्या करारावर येतात आणि जातात. नुनावुतच्या आरोग्य केंद्रांतल्या या अवस्थेवर कॅनडाच्या महालेखापरीक्षकांनी 2017च्या अहवालात बोट ठेवलं होतं. त्याच वर्षाच्या सुरुवातीला या गावातल्या पंधरा वर्षांच्या एका मुलीचा क्षयाने मृत्यू झाला. ती बरेच दिवस खोकत होती. क्षय आहे हे कळलं तेव्हा तिच्या हाती काही तास उरले होते. एकविसाव्या शतकातल्या श्रीमंत देशात, बरा होणाऱ्या आजाराने.

2018च्या सुरुवातीला गावात काही आठवड्यांचं खास तपासणी केंद्र उघडलं. या वेळी यंत्रं गावात आली आणि माणसं गावातच राहिली. घराघरांत जाऊन बोलावणं केलं, इनुक्टिटूट बोलणारी गावचीच माणसं कामाला घेतली. कातडीवरची चाचणी, छातीचा एक्स-रे आणि थुंकीची जनुकीय तपासणी जागच्या जागी झाली. ज्यांच्यात सुप्त संसर्ग निघाला, म्हणजे जंतू शरीरात आहे पण आजार नाही, अशांना पूर्वी नऊ महिने गोळ्या घ्याव्या लागत. इथे आयसोनियाझिड आणि रिफापेंटीन आठवड्यातून एकदा, असे बाराच डोस परिचारिकेसमोर दिले गेले. रिफापेंटीनला कॅनडात नेहमीच्या विक्रीची परवानगी नव्हती, ते खास तरतुदीखाली आणावं लागलं. (हीच बारा डोसांची पद्धत आता भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमातही आहे. आपल्याकडच्या आशाताईंना ‘आठवड्याची गोळी’ म्हटलं की लगेच कळेल.) गावातल्या बहुतेकांनी तपासून घेतलं.

बहुतेकांनी, सगळ्यांनी नाही. पाचपैकी चार हात पुढे येतात आणि पाचवा येत नाही, तेव्हा आपण सहज ‘जनजागृती कमी पडली’ असं लिहून टाकतो. इथे तसं लिहिणं चूक ठरेल. या गावातल्या आजीला क्षय म्हणजे काय ते कुठल्याही भित्तिपत्रकापेक्षा जास्त ठाऊक आहे. तिला हेही ठाऊक आहे की एक्स-रे काढला की माणूस जातो. खोकला लपवणं हा तिच्या घरात शिकवला गेलेला शहाणपणा आहे, आणि तो अनुभवातून आलेला आहे. 2011 साली इकालुइटमध्ये ‘ताइमा टीबी’ नावाचा घरोघर तपासणीचा प्रकल्प झाला. त्यात ऑटावाचे फुप्फुसतज्ज्ञ गोंझालो अल्वारेझ आणि सहकाऱ्यांनी आधी स्थानिक इनुइटांना बरोबर घेऊन लोकांशी बोलणं, मग सुई, असा क्रम लावला होता. किकिक्तारयुआकची आखणी करताना त्या अनुभवाचा उपयोग झाला. बोलण्याला लागणारा वेळ हा तपासणीचाच भाग आहे, हे ‘सी. डी. हाऊ’च्या वेळापत्रकात कधी बसलं नव्हतं.

पांगनिर्टुंगचे आकडे

मार्च 2018मध्ये केंद्राच्या मंत्री जेन फिलपॉट आणि इनुइटांच्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष नातान ओबेद यांनी मिळून उद्दिष्ट जाहीर केलं: 2025पर्यंत सक्रिय क्षय निम्म्यावर, 2030पर्यंत निर्मूलन. पाच वर्षांसाठी 2.75 कोटी डॉलर ठेवले. वर्षअखेर इनुइटांनी स्वतः आखलेला निर्मूलन आराखडा आला.

मग नोव्हेंबर 2021मध्ये, किकिक्तारयुआकहून फार लांब नसलेल्या पांगनिर्टुंगमध्ये साथ जाहीर झाली. वस्ती दीड हजारांच्या आसपास. साथ आहे एवढं सांगितलं, रुग्ण किती हे सांगितलं नाही. लहान गावात आकडा दिला तर कोण ते ओळखू येईल, ही सबब. गोपनीयतेचा मुद्दा मला पटतो, सहाशे-हजाराच्या गावात तो खराच नाजूक आहे. पण ‘तीन’ आणि ‘शंभर’ यांतला फरक गावाला कळू न देणं म्हणजे गोपनीयता नव्हे. महिन्यांनी, पत्रकारांनी पिच्छा पुरवल्यावर, आकडा बाहेर आला: 139, त्यातले 31 सक्रिय क्षयाचे, बाकी सुप्त संसर्गाचे. गावच्या पुढाऱ्यांना आपल्याच गावात किती क्षयी आहेत हे वर्तमानपत्रातून कळलं.

ज्या सरकारने तीन वर्षांपूर्वी ‘तुमच्या माणसांबद्दल तुम्हाला सांगितलं नाही’ म्हणून माफी मागितली, ते केंद्राचं. हा आकडा दाबून ठेवणारं नुनावुतचं, ज्यात इनुइट स्वतः निवडून येतात. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण तो दाखवतो की दोष फक्त गोऱ्या अधिकाऱ्यांच्या वृत्तीत शोधून भागणार नाही. आरोग्ययंत्रणेची जडणघडणच अशी आहे की माहिती खालून वर जाते. वरून खाली यायचा रस्ता मुद्दाम बांधावा लागतो, आणि तो कुणाच्याच कामाच्या यादीत नसतो. निर्मूलन आराखड्यात आपल्या माहितीवर इनुइटांचा हक्क या मुद्द्याला औषधांच्या बरोबरीची जागा दिली आहे, ती यामुळे. बाहेरच्या वाचकाला तो कलम-उपकलमांचा भाग वाटतो आणि तो उलटून पुढे जातो.

घर

आणखी एक गोष्ट, जी परिचारिकेच्या पेटीत मावत नाही. 2016च्या जनगणनेनुसार इनुइट नुनांगातमधले निम्म्याहून अधिक इनुइट अपुऱ्या जागेत राहतात. एका खोलीत तीन पिढ्या पाळीपाळीने झोपतात असं चित्र विरळ नाही. उणे तीस अंशांत खिडकी उघडता येत नाही, आणि क्षयाचा जंतू बंद हवेत तासन् तास तरंगतो. 2017च्या राष्ट्रीय पाहणीत तिथल्या दर चार प्रौढांपैकी तिघांच्या घरी पुरेशा अन्नाची शाश्वती नव्हती. बारा डोस पूर्ण केलेला तरुण त्याच खोलीत, त्याच हवेत परत जातो. सुप्त संसर्ग बरा होतो, नवा संसर्ग व्हायला काहीच आडवं येत नाही.

1950च्या दशकातल्या अधिकाऱ्यांना निदान एक सोय होती: रुग्णाला त्या घरातून उचलून नेलं की घर सुधारण्याचा प्रश्न उरत नव्हता. आता रुग्ण घरीच राहणार म्हटल्यावर घराचा प्रश्न क्षयाच्या कार्यक्रमात आपोआप आला आहे. घरांचा पैसा मात्र दुसऱ्या खात्यात आहे, आणि तो क्षयाच्या तक्त्यात मोजला जात नाही. उन्हाळ्यात बोटीने येणारं बांधकामसाहित्य एका मोसमात पोहोचलं नाही तर घर एक वर्ष पुढे जातं.

2025 उजाडलं, आणि निम्म्यावर आणण्याचं उद्दिष्ट हुकलं. क्युबेक प्रांतातल्या नुनाविकमध्ये तर रुग्ण कमी होण्याऐवजी वाढले. त्या उन्हाळ्यात तिथल्या गावांच्या महापौरांनी क्युबेक सरकारकडे सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर करण्याची मागणी केली. तिथल्या अनेक गावांत एक्स-रे यंत्र नाही, संशयित रुग्णाला फिल्म काढायला विमानाने दुसऱ्या गावी पाठवावं लागतं, आणि विमानात जागा मिळेपर्यंत तो घरीच असतो, सगळ्यांमध्ये.